एकाच रस्त्यावरची दोन दारे

चेन्नई शहरातून दक्षिणेकडे निघालेला जुना महाबलीपुरम रस्ता आज राजीव गांधी सालई या नावाने ओळखला जातो. तरमणी येथे सन २००० मध्ये उभे राहिलेले टायडेल पार्क मागे टाकून हा रस्ता शोळिंगनल्लूरमार्गे सिरुसेरीला पोहोचतो. तमिळनाडू सरकारच्या ‘सिपकॉट’ या औद्योगिक विकास महामंडळाने येथे विकसित केलेल्या माहिती तंत्रज्ञान संकुलात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे सुमारे ७० एकरांवर पसरलेले भव्य केंद्र आहे. उरुग्वेचे वास्तुशिल्पी कार्लोस ऑट आणि कार्लोस पोन्स दे लिऑन यांनी त्याची रचना केली. सकाळच्या वेळी कंपन्यांच्या बसगाड्यांची येथे अखंड रांग लागते आणि त्यांतून उतरणाऱ्यांत विशी-बाविशीतील तरुण-तरुणींचा भरणा मोठा असतो.

याच रस्त्यावर, किंवा त्यापासून हाकेच्या अंतरावर, अभियांत्रिकी शिक्षणाचीही दाट वस्ती आहे. शोळिंगनल्लूरला सत्यभामा विद्यापीठ, सिरुसेरीच्या पुढे कळवाक्कम येथे १९९६ साली स्थापन झालेले एसएसएन महाविद्यालय, केळंबाक्कम परिसरात आणखी काही संस्था. महाविद्यालयाचे दार आणि कारखान्याचे, म्हणजे या ठिकाणी संगणक-कक्षाचे दार, यांतील अंतर काही किलोमीटरांचेच. तरीही एका दारातून बाहेर पडून दुसऱ्या दारातून आत जाण्यास विद्यार्थ्याला चार वर्षे लागतात, आणि आत गेल्यावर त्याला पुन्हा काही महिने शिकवावे लागते. या दुहेरी शिक्षणाचा खर्च नेमका कोण सोसतो, हा प्रश्न शिक्षणतज्ज्ञांइतकाच सामान्य कुटुंबाच्या, आणि म्हणूनच बँकेच्याही, जिव्हाळ्याचा आहे.

कल्पना जुनीच

शिक्षण आणि प्रत्यक्ष काम यांची सांगड घालणारी पद्धती पाश्चात्य देशांत ‘को-ऑप’ या नावाने रूढ आहे. ‘सहकारी’ या शब्दाने मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर साखर कारखाना किंवा पतसंस्था उभी राहील. येथे सहकार आहे तो महाविद्यालय आणि उद्योग यांच्यातील. अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या प्राध्यापकांनी १९०६ साली २७ विद्यार्थ्यांना घेऊन हा प्रयोग आरंभिला. विद्यार्थ्यांनी आळीपाळीने वर्गात शिकावे आणि कारखान्यात वेतन घेऊन काम करावे, अशी ही योजना होती. यंत्रशाळेत जे शिकता येते ते फळ्यावर शिकवता येत नाही, आणि फळ्यावर जे उलगडते ते यंत्रशाळेच्या गडबडीत उलगडत नाही, हे तिचे साधे सूत्र. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचा तर १९५७ मधील जन्मच या पद्धतीवर झाला. तेथे चार महिने अभ्यास आणि चार महिने नोकरी असा क्रम आजही चालतो. जर्मनीने १९६९ च्या व्यवसाय प्रशिक्षण कायद्याद्वारे आपल्या जुन्या उमेदवारीच्या परंपरेला आधुनिक, देशव्यापी चौकट दिली.

भारतालाही ही कल्पना परकी नाही. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ सालचा आहे. प्रारंभी तो मुख्यतः कारागिरांसाठी होता. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकी पदवीधर आणि पदविकाधारक त्याच्या कक्षेत आले. त्यांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था पाहणारी चार प्रादेशिक मंडळे मुंबई, कोलकाता, कानपूर आणि चेन्नई येथे आहेत, आणि चेन्नईचे मंडळ नेमके तरमणीला, म्हणजे सिरुसेरीकडे जाणाऱ्या याच मार्गाच्या आरंभी आहे. तमिळनाडूतील अनेक तंत्रनिकेतनांत साडेतीन वर्षांचा ‘सँडविच’ पदविका अभ्यासक्रम चालतो. त्यात अभ्यासाच्या सत्रांमध्ये कारखान्यातील प्रशिक्षणाची सत्रे गुंफलेली असतात. कोइंबतूरच्या पीएसजी तंत्रज्ञान महाविद्यालयाने पदवीच्या पातळीवर हाच मार्ग स्वीकारला. पिलानीच्या बिर्ला तंत्रज्ञान व विज्ञान संस्थेने १९७३ पासून ‘प्रॅक्टिस स्कूल’ हा पदवीचाच भाग मानला, आणि त्यातील दीर्घ टप्पा सुमारे साडेपाच महिन्यांचा ठेवला.

महाराष्ट्राचा वारसाही लहान नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखाटन शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर वर्गातून कार्यशाळेकडे वळले आणि १९१० साली त्यांनी किर्लोस्करवाडीची स्थापना केली. एका शिक्षकाने उभारलेला हा कारखाना म्हणजे ज्ञान आणि उत्पादन यांच्या मीलनाचे ठळक उदाहरण होय. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू करताना ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वाला उच्च शिक्षणात प्रतिष्ठा मिळवून दिली. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्री. शं. कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम उभारला. गावाला लागणाऱ्या सेवा देता देताच तंत्रज्ञान शिकावे, हा त्यांचा आग्रह होता. तथापि, भाऊरावांच्या योजनेत श्रम हे शिक्षणाचा खर्च भागवण्याचे साधन होते. श्रमच शिक्षणाचा आशय व्हावा, हे पुढचे पाऊल पदवी शिक्षणात अद्याप पुरते पडलेले नाही.

उद्योगच जेव्हा शाळा होतो

महाविद्यालये ही उणीव भरून काढीत नाहीत असे दिसल्यावर उद्योगांनी स्वतःच शाळा काढल्या. विप्रोने १९९५ मध्ये पिलानीच्या संस्थेच्या सहकार्याने विज्ञान पदवीधरांना नोकरी करता करता पदव्युत्तर शिक्षण देणारा उपक्रम सुरू केला. इन्फोसिसने २००४ मध्ये ‘कॅम्पस कनेक्ट’ या नावाने महाविद्यालयांशी संधान बांधले आणि म्हैसूर येथे प्रशिक्षणासाठी स्वतंत्र नगरीच वसवली. टाटा कन्सल्टन्सीने २००६-०७ च्या सुमारास चेन्नईतून ‘इग्नाइट’ हा उपक्रम विज्ञान पदवीधरांसाठी हाती घेतला. भौतिकशास्त्र किंवा गणित शिकलेला, लहान गावातील मुलगा काही महिन्यांच्या तयारीनंतर संगणक-प्रणालीचे काम करू शकतो, हे या उपक्रमांनी दाखवून दिले.

हे यश निश्चितच कौतुकास्पद आहे. पण त्यातच महाविद्यालयांना विचारावयाचा प्रश्नही दडलेला आहे. विज्ञानाचा पदवीधर काही महिन्यांत तयार होत असेल, तर चार वर्षे अभियांत्रिकी शिकलेल्यालाही तेवढेच महिने पुन्हा का द्यावे लागतात? उत्तर असे की, दोघांनाही जे ठाऊक नसते ते पुस्तकात नसतेच. दुसऱ्याने लिहिलेली, दहा वर्षे जुनी प्रणाली वाचून समजून घेणे, ग्राहकाने अर्धवट सांगितलेली गरज नेमक्या शब्दांत मांडणे, ठरल्या दिवशी काम पूर्ण करणे, चूक झाल्यास ती वेळेवर सांगणे, ही कौशल्ये केवळ कामाच्या जागी आणि जबाबदारीच्या ओझ्याखालीच अंगी बाणतात.

कंपनीच्या आत दिलेल्या प्रशिक्षणाला दोन स्वाभाविक मर्यादा आहेत. ज्याची निवड झाली त्यालाच ते मिळते, आणि निवड न झालेला पदवीधर रस्त्याच्या अलीकडेच राहतो. दुसरे, त्या प्रशिक्षणातून मिळालेल्या अनुभवाचा महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमाला काहीच लाभ होत नाही. प्राध्यापक तीच टिपणे शिकवत राहतो.

आज या प्रश्नाला नवी धार आली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने संगणक-प्रणालीतील साधी, पुनरावृत्तीची कामे करू लागली आहेत. नवख्या कर्मचाऱ्याचा हात ज्या कामांवर बसत असे, नेमकी तीच ही कामे. जिन्याची पहिली पायरीच आखूड होत असेल, तर ती पायरी महाविद्यालयाच्या आवारात आणून ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

हिशेब कुटुंबाचा

या चर्चेत बहुधा दोनच पक्ष बोलताना दिसतात, महाविद्यालय आणि उद्योग. तिसरा पक्ष गप्प असतो, आणि तो असतो विद्यार्थ्याचा पालक. लातूर किंवा सोलापूर जिल्ह्यातील एखादा अल्पभूधारक शेतकरी वा लहान दुकानदार मुलीला अभियांत्रिकीला घालतो तेव्हा तो बँकेच्या दारी येतो. भारतीय बँक संघाच्या २००१ मधील आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनंतर असे कर्ज सामान्य घरांच्या आवाक्यात आले आणि चार लाख रुपयांपर्यंतच्या कर्जास तारणाची अटही राहिली नाही. ही मोठीच सोय झाली. परंतु शिक्षणकाळात हप्ता नसला तरी व्याजाची मोजणी थांबत नाही.

उदाहरणादाखल एक साधा हिशेब मांडता येईल. समजा, चार लाख रुपयांचे कर्ज दहा टक्के दराने घेतले आहे. संपूर्ण रक्कम उचलल्यानंतर त्यावर वर्षाला ४०,००० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे ३,३०० रुपये व्याज होते. शिकाऊ उमेदवारांसाठीच्या २०१९ च्या सुधारित नियमांनी किमान मासिक विद्यावेतन शैक्षणिक पात्रतेनुसार ५,००० ते ९,००० रुपये ठरवले. अभ्यासक्रमाच्या शेवटच्या दीड वर्षात सहा-सहा महिन्यांचे दोन कार्यकाळ मिळाले आणि महिन्याला ८,००० रुपये विद्यावेतन हाती पडले, तर एकूण रक्कम ९६,००० रुपये होते. त्यातून भोजन-निवासाचा काही भाग भागवूनही व्याज भरता येते. आदर्श योजनेत तर शिक्षणकाळात नियमित व्याज भरणाऱ्या कर्जदाराला व्याजदरात एक टक्क्यापर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. पदवी हाती येते त्या दिवशी कर्जाचा आकडा फुगलेला नसणे, ही त्या घराच्या दृष्टीने केवढी निश्चिंतता असते, हे कर्ज विभागात काम केलेल्या कोणत्याही कर्मचाऱ्यास सांगावे लागत नाही.

शिवाय हा प्रश्न केवळ व्याजाचा नाही. नोकरी न लागल्याने थकलेले शैक्षणिक कर्ज हे बँकेच्या खतावणीत अनुत्पादक मालमत्ता म्हणून नोंदले जाते. घरात मात्र त्याची नोंद वेगळी होते. पुढच्या भावंडाचे शिक्षण अडते, मुलीच्या शिक्षणावर खर्च केल्याचे टोमणे ऐकावे लागतात, आणि गावात दुसरा पालक कर्ज घेण्यास कचरतो. कामाच्या अनुभवासह मिळालेली पदवी ही या साऱ्या साखळीवरील एक प्रकारची विमासुरक्षा ठरू शकते.

आक्षेपांचा विचार

या पद्धतीवर घेतले जाणारे आक्षेप निराधार नाहीत. पहिला आक्षेप स्वस्त मजुरीचा. शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यावे, त्याच्याकडून नियमित कामगाराचे काम करून घ्यावे आणि मुदत संपताच दुसरा उमेदवार आणावा, असे प्रकार घडू शकतात. ज्या कामातून विद्यार्थी पहिल्या आठवड्यानंतर काहीच नवे शिकत नाही, ते काम प्रशिक्षण नव्हे. म्हणून प्रत्येक कार्यकाळासाठी काय शिकावयाचे याचा लेखी आराखडा असावा, कंपनीत एक मार्गदर्शक आणि महाविद्यालयात एक प्राध्यापक नेमलेला असावा, आणि दोघांनी मिळून मूल्यमापन करावे. उद्योगाने केवळ हजेरीपत्रक पाठवावे आणि महाविद्यालयाने त्यावर गुण द्यावेत, ही आज अनेक ठिकाणी दिसणारी औपचारिकता बंद झाली पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. महाविद्यालय म्हणजे उद्योगाला मनुष्यबळ पुरवणारे गोदाम आहे काय? या प्रश्नाचे उत्तर सिरुसेरीतच मिळते. त्याच सिपकॉट संकुलात, संगणक कंपन्यांच्या शेजारी, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट ही संस्था आहे. थोर गणितज्ञ सी. एस. शेषाद्री यांनी १९८९ मध्ये जिचा पाया घातला, ती ही संस्था २००५ साली सिरुसेरीत आली. तेथे शुद्ध गणित आणि संगणकशास्त्राचे सिद्धान्त शिकवले जातात. आज ज्याचा बाजारभाव नाही असे ज्ञान जपणे आणि वाढवणे, हेही समाजाचे कर्तव्यच आहे. प्रत्येक शिक्षणक्रमाला कारखान्याचे साचे लावण्याचे कारण नाही. परंतु जो अभ्यासक्रम विद्यार्थ्याला प्रवेश देतानाच नोकरीचे आश्वासन देतो, त्याने त्या नोकरीचे खरे स्वरूप विद्यार्थ्याला शिक्षणकाळातच दाखवले पाहिजे. तसे न करणे म्हणजे शब्द देऊन तो न पाळणेच होय.

तिसरा आक्षेप अंतराचा. सिरुसेरी, हिंजवडी किंवा चाकण येथील महाविद्यालयांना उद्योग शेजारी मिळतो. नंदुरबार वा गडचिरोलीच्या विद्यार्थ्याने काय करावे? महानगरात सहा महिने राहण्याचा खर्च विद्यावेतनापेक्षा जास्त झाला, तर ही योजना सधन घरांचीच मक्तेदारी ठरेल. मुलींच्या बाबतीत सुरक्षित निवासाचा प्रश्न तर सर्वांत आधी उभा राहतो. यावर दोन मार्ग संभवतात. औद्योगिक वसाहतींनीच विद्यार्थ्यांसाठी अल्पदरातील वसतिगृहे उभारावीत, हा एक. दुसरा असा की ‘उद्योग’ या शब्दाची व्याप्ती वाढवावी. जिल्ह्याच्या गावातील वीज वितरणाचे कार्यालय, दूधसंघ, सूतगिरणी, साखर कारखाना, रुग्णालय आणि बँकेची शाखा या साऱ्यांत तंत्रज्ञानाचे काम चालते. तेथेही शिकण्यासारखे पुष्कळ असते.

उद्योजकांचीही एक तक्रार असते की शिकवून तयार केलेला माणूस दुसरीकडे जातो. ती खरी आहे. पण प्रत्येकाने याच भीतीने शिकवणे टाळले, तर सर्वांनाच अर्धशिक्षित माणसे मिळतील. विहीर एकाने खणली आणि पाणी गावाने प्यायले, तर विहीर खणणारा तहानलेला राहत नाही.

कायदा आहे, आचरण हवे

शासकीय चौकटीचा आता अभाव नाही. २०१४ च्या दुरुस्तीने शिकाऊ उमेदवारीचे क्षेत्र अभियांत्रिकीबाहेरील पदवीधरांनाही खुले झाले. २०१९ च्या नियमांनी ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन घातले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये पदवी अभ्यासक्रमातच शिकाऊ उमेदवारी अंतर्भूत करण्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. तमिळनाडूने मार्च २०२२ मध्ये ‘नान मुदल्वन’ ही कौशल्यविकास योजना सुरू केली. केंद्र सरकारने २०२४ मध्ये नामवंत कंपन्यांत बारा महिन्यांच्या अनुभवाची प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना आणली.

उणीव आहे ती दोन दारांमधील दैनंदिन व्यवहाराची. परीक्षांचे वेळापत्रक उद्योगाच्या कामाशी जुळत नाही, उद्योगाला कागदपत्रांचा कंटाळा असतो, आणि प्राध्यापकाला कारखान्यात घालवलेल्या वेळेचे श्रेय मिळत नाही. शेवटची बाब विशेष महत्त्वाची आहे. केवळ विद्यार्थ्याने रस्ता ओलांडून भागणार नाही, शिक्षकानेही तो ओलांडला पाहिजे. दर काही वर्षांनी एक सत्र उद्योगात घालवणे हा अध्यापकाच्या पदोन्नतीचा भाग झाला, तर अभ्यासक्रम आपोआप ताजा राहील.

बँकेची भूमिका

बँकिंग क्षेत्राला ही दिशा नवी नाही. कर्नाटकातील उजिरे येथे १९८२ साली डॉ. वीरेंद्र हेगडे यांच्या पुढाकाराने आणि सिंडिकेट बँक व कॅनरा बँक यांच्या सहभागाने ग्रामीण युवकांसाठी स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. त्याच धर्तीवर पुढे बँकांनी जिल्ह्याजिल्ह्यांत प्रशिक्षण संस्था उभारल्या. तेथे अल्प मुदतीचे निवासी प्रशिक्षण विनामूल्य दिले जाते आणि त्यानंतर कर्जासाठी पाठपुरावाही केला जातो. प्रशिक्षण आणि पतपुरवठा एकाच छताखाली आले, हेच त्या संस्थांच्या यशाचे मर्म आहे. अलीकडच्या काळात अनेक सार्वजनिक बँकांनी स्वतः पदवीधर शिकाऊ उमेदवार घेण्यासही प्रारंभ केला आहे.

हेच सूत्र तांत्रिक शिक्षणाला लावता येईल. शैक्षणिक कर्जाचा प्रस्ताव तपासताना महाविद्यालयाच्या इमारतीची भव्यता आणि जाहिरातीतील आकडे यांपेक्षा अभ्यासक्रमात सवेतन कार्यकाळ आहे काय, हे पाहिले जावे. विद्यावेतन थेट कर्जदाराच्या खात्यात जमा होऊन त्यातील ठरावीक भाग व्याजापोटी वळता होण्याची ऐच्छिक सोय असावी. शिकाऊ उमेदवारांना नियमाने आणि निष्ठेने शिकवणाऱ्या लघुउद्योगाकडे पतपुरवठा करताना आपुलकीने पाहिले जावे. ग्राहकांनीही प्रवेशाच्या वेळी एक प्रश्न आवर्जून विचारावा : या चार वर्षांत मुलाला वा मुलीला खऱ्या कामाचा अनुभव किती महिने, कोठे आणि किती विद्यावेतनावर मिळणार? ज्या संस्थेकडे याचे सरळ उत्तर नाही, तिच्या शुल्काचा आकडा पुन्हा एकदा तपासून पाहावा.

सिरुसेरीच्या रस्त्यावर सकाळी दोन प्रकारच्या बसगाड्या धावतात. एका प्रकारच्या गाड्या महाविद्यालयांकडे वळतात, दुसऱ्या कंपन्यांकडे. दोन्हींतील तरुणांच्या वयात फार तर दोन-तीन वर्षांचे अंतर असते. पहिल्या बसमधील विद्यार्थ्याला काही महिने दुसऱ्या बसमध्ये बसण्याची संधी त्याच्या विद्यार्थिदशेतच मिळाली, तर त्याचे शिक्षण अपुरे राहणार नाही, उद्योगाला पुन्हा पहिल्यापासून शिकवावे लागणार नाही, आणि दूर गावी हप्त्याचा हिशेब मांडत बसलेल्या पालकाची झोपही मोडणार नाही.